पाच हात गाणं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा वाळूचे कण अजून मोठे होते आणि मुलं त्यांनी गोट्या खेळत. खोटं वाटत असेल तर वाळूला विचारून पाहा, ती कधी नाही म्हणालेली नाही.

तर त्या काळी एका वाळवंटाच्या मधोमध अकरा घरांचं एक गाव होतं. अकरा घरं आणि अकरा कला. कुणी बाहुल्या नाचवी, कुणी ढोल वाजवी, कुणी घोंगड्यांवर मोर विणी, कुणी मडक्यांवर नक्षी काढी. बिनकलेचं माणूस गावात एकही नव्हतं. एक होता, तो झोपायचा. पण तोही इतका सुरेख झोपायचा की लोक बघायला येत.

गावाला विहीर मात्र एकच. आणि ती काय खोल! सकाळी खडा टाकावा, घरी जाऊन भाकरी खावी, हात धुवावे आणि मग येऊन कान लावावा, तेव्हा कुठे 'डुब्ब' ऐकू येई. दोनशे दहा हात नाडा, म्हणजे जाड दोर, आत सोडावा लागे. नाड्याच्या एका टोकाला मोट, म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवी. दुसरं टोक उंटाच्या खोगिराला. उंट विहिरीपासून दूर दूर चालत जाई, तसतसा नाडा विहिरीवरच्या चाकावरून सरके आणि मोट वर येई.

आता अडचण अशी की दोनशे दहा हात चालला की उंट वाळूच्या टेकाडामागे दिसेनासा होई. त्यानं नेमकं कुठं थांबायचं? दगड ठेवला तर वारा तो वाळूखाली गाडून टाकी. खुंटी ठोकली तर संध्याकाळी खुंटी गावाला आणि गाव खुंटीला शोधत बसे. त्या मुलखात वाऱ्याला हलवता न येणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणं.

म्हणून पूर्वजांनी मोटेचं गाणं बांधलं. एकवीस कडवी, प्रत्येक कडव्याला दोन ओळी. एका ओळीत उंट पाच हात चाले. एकविसावं कडवं संपलं की दोनशे दहा हात पुरे होत आणि मोट बरोबर विहिरीच्या तोंडाशी येई. तिथं उभी असलेली बाई ती थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडीत, ओतून घेई. शेवटचं कडवं असं होतं:

खोल खोल राहणारी, ये गं वर पाणीबाई,
घरोघरी रिते घडे, तुझ्याविना झोप नाही.

तुम्ही म्हणाल, गाणं कशाला, 'थांब' म्हणून ओरडायचं. ओरडून पाहिलं होतं. सांगितलेलं ऐकणारा उंट अजून जन्मायचा आहे. हा उंट चालायचा तो गाणं आवडतं म्हणून, आणि गाणं संपल्यावर थांबायचा तो पुढं आणखी काही येईल या आशेनं. कान टवकारून घटकाभर वाट पाहायचा. काही येत नाही म्हटल्यावर सुस्कारा टाकून मागं वळायचा. वीस वर्षांत त्याची आशा सुटली नव्हती. एखादी ओळ गाळली तर मात्र जागचा हलत नसे. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं होतं शास्त्रीबुवा.

गाणं गायची गोजरा. विहिरीशी उभी राहायची तिची आत्या, भागाआत्या. तिनंच गोजराला गाणं शिकवलं होतं, एका अटीवर. "गाण्यात भर घालायची नाही, गोजरे. मोर विणणारी चुकली तर मोर लंगडा होतो. आपण चुकलो तर गाव तहानेलं राहतं."

गोजरानं मान डोलावली होती. पण मान डोलावणं एक आणि मन बसणं एक. रोज आठ मोटा, म्हणजे रोज आठ वेळा तेच गाणं. उंटाला गाणं ऐकू जावं म्हणून ती विहिरीकडे पाठ आणि टेकाडाकडे तोंड करून उभी राही. पंधरा वर्षं तिनं तेच टेकाड पाहिलं होतं. तळपायाला मुंग्या याव्यात तशा तिच्या गळ्याला मुंग्या येत. भाकरी थापताना, शेळ्या बांधताना, केस विंचरताना तिच्या ओठांवर नवीनच काहीतरी यायचं आणि ती ते गिळून टाकायची. गिळलेली गाणी पचत नाहीत. ती रात्रंदिवस पोटात फिरत राहतात.

एके दिवशी गावात व्यापाऱ्यांचा तांडा उतरला. तांड्याचा नायक पाण्यासाठी विहिरीवर आला, गोजराचं गाणं ऐकत उभा राहिला आणि संपल्यावर म्हणाला, "बाई, गळा सोन्याचा आहे तुमचा. पण एवढंच?"

"एवढंच म्हणजे?" गोजराच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे एकवीस कडवी, सगळी एका चालीची. आमच्या राजधानीत गवई एका शब्दावर इतका वेळ राहतो की ऐकणारा घरी जाऊन जेवून परत येतो, तरी तो तिथंच असतो."

"मग ऐकायला थांबतं कोण?" थारोळ्यापाशी बसलेली आत्या म्हणाली.

नायक हसला, पण बोलला गोजराशी. "महिन्यानं याच वाटेनं परत येईन. काही नवं ऐकवाल तर सरळ राजदरबारात नेतो. माझा शब्द."

तांडा गेला, पण ते 'एवढंच' मागं राहिलं. ते गोजराच्या उशाला झोपे, तिच्याआधी उठे. तिनं महिनाभर उन्हं कलली की टेकाडापलीकडे जायला सुरुवात केली. तिथं उंट नव्हता, विहीर नव्हती, कुणी नव्हतं. तिथं तिनं चाळीस नव्या ओळी रचल्या. ताना घातल्या, हरकती घातल्या, एका तानेत तर असा गोता मारला की एक घार आकाशातून खाली बघायला आली, कोण बुडालं म्हणून.

तिकडं विहिरीचं वेगळंच चाललं होतं. थारोळ्यात पाणी कमी पडत होतं. गोजरा आठ मोटा काढायची, पण घडे चार मोटांचेच भरायचे. कुंभारीण ठकूबाई म्हणायची, "विहीर म्हातारी झाली." बाहुलीवाला नारो म्हणायचा, "मडक्यांनाच तहान लागते हल्ली." आत्या काहीच म्हणायची नाही. गोजराला पाठीमागं पाणी सांडल्याचा आवाज यायचा. तिला वाटे, आत्या थारोळ्यात ओततेय. वळून पाहायचं तिच्या मनात कधी आलं नाही. गळ्यात चाळीस ओळी धडका मारत असताना पाठीमागं कोण बघतो?

महिना भरला आणि नायक बोलल्याप्रमाणं आला. विहिरीच्या एका अंगाला सगळा तांडा बसला. गावही बसलं. शास्त्रीबुवा खोगीर लेवून उभा राहिला. आत्यानं मोट आत सोडली.

त्या दिवशी गोजरा टेकाडाकडे तोंड करून उभी राहिली नाही. ती तांड्याकडे तोंड करून उभी राहिली.

एकवीस कडवी तिनं जशीच्या तशी म्हटली. शेवटची ओळ संपली. टेकाडामागं शास्त्रीबुवा थांबला, त्यानं सवयीनं कान टवकारले, आणि काय आश्चर्य! पुढं आणखी आलं! वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं! पहिली तान कानावर पडताच तो आनंदानं चालायलाच लागला. दुसऱ्या तानेला दुडक्या चालीनं निघाला. तिसऱ्या तानेला, सांगणारे सांगतात, तो नाचत होता.

"गोजरे, थांब!" आत्या ओरडली.

गोजराला वाटलं, आत्या नेहमीसारखी भर घालू नको म्हणतेय. ती आणखी वर चढली.

मोट विहिरीच्या तोंडातून वर आली, चाकावर आदळली, चाकात अडकली. नाडा वीणेच्या तारेसारखा ताणला. नायक म्हणाला, "वा! क्या बात है!" आणि त्याच क्षणी नाडा तुटला. आत्यानं पडणाऱ्या मोटेचं चामडं दोन्ही हातांनी धरलं. भरलेली मोट कधी माणसाच्या हातानं थांबते? तिच्या तळहातांची सालटी काढून मोट खाली गेली. तळाला कधी पोचली ते सगळ्यांना कळलं, कारण यावेळी 'डुब्ब' ऐकायला कुणाला घरी जायची गरज पडली नाही. सगळे श्वास रोखून तिथंच बसले होते.

तिकडं एकदम मोकळा झालेला शास्त्रीबुवा नाड्यासह काटेरी झुडपांत घुसला. संध्याकाळी सापडला तेव्हा नाड्याच्या इतक्या चिंध्या झाल्या होत्या की त्यानं शेळीसुद्धा बांधता आली नसती.

थारोळ्यात दोन दिवसांचं पाणी होतं.

नायक उठला, अंगरखा झटकला. "गाणं झकास झालं. विहिरीचं तेवढं बघा बुवा. चला बाई, तुमच्यासाठी उंट तयार आहे."

गोजराचा एक पाय खरंच उचलला गेला. ज्यासाठी महिनाभर झोपली नव्हती ते समोर खोगीर घालून उभं होतं. मग तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या तळहात वर करून बसली होती, आणि ठकूबाई त्यांवर तूप चोपडत होती. उचललेला पाय गोजरानं होता तिथंच ठेवला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली.

"पुन्हा विचारणार नाही."

"नका विचारू."

तांडा गेला. राजधानीतल्या माणसाला दुसऱ्याच्या विहिरीपाशी फार वेळ थांबवत नाही.

गावात मग जे झालं ते सांगायला हवं. कुणी गोजराला मारलं नाही, पण तोंडानं कुणी सोडलंही नाही. "अगं, तुझी तान एवढी लांब होती, तीच सोड की विहिरीत," ठकूबाई म्हणाली, "पोचेल पाण्यापर्यंत." नारो म्हणाला, "आणि येताना मोट घेऊन यायला सांग तिला."

टोमणे मारता मारताच ते घरात गेले आणि हातात काहीतरी घेऊन परत आले. नारोनं आपल्या सत्तर बाहुल्यांच्या दोऱ्या सोडून आणल्या. बाहुल्या भिंतीला टेकून बसल्या, जन्मात पहिल्यांदा विसावा घेतल्यासारख्या. घोंगड्या विणणारीनं अर्धे मोर उसवले. ढोलवाल्यानं ढोलाचं कातडं उतरवलं, त्याला पोटाशी धरून थोडा रडला आणि मोट शिवायला बसला. सुरेख झोपणाऱ्यानंसुद्धा खाटेचे सुंभ काढून दिले आणि तो दोन दिवस उभा राहिला.

गोजराकडे द्यायला काहीच नव्हतं. गळा काही नाड्यात विणता येत नाही. ती या दारातून त्या दारात फिरत राहिली, सुंभ वळणाऱ्यांना सुंभ देत, शिवणाऱ्यांना सुया ओवून देत.  गुणगुणली मात्र अजिबात नाही.

तिसऱ्या सकाळी थारोळं कोरडं पडलं आणि त्याच सकाळी नाडा पुरा झाला. सत्तर बाहुल्यांचा, अर्ध्या मोरांचा, रंगीबेरंगी नाडा. मोट जरा हलली तरी ढुम्म वाजायची.

"किती हात केलात?" आत्यानं विचारलं.

"जुना होता तेवढाच," नारो म्हणाला. "मापून केलाय. दोनशे पंधरा."

गोजरानं मान वर केली. "पंधरा कसे? दोनशे दहा ना?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. "माझ्या हाताला फडकी आहेत. मोट धरता येणार नाही. मी गाते. तू विहिरीशी उभी राहा."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा गोजरा विहिरीकडे तोंड करून उभी राहिली. आत्यानं गायला सुरुवात केली. आवाज कापत होता, पण एक अक्षर हललं नाही. मोट वर येऊ लागली. गोजरा वाकून बघत राहिली. एकविसावं कडवं संपलं. टेकाडामागं शास्त्रीबुवा थांबला.

आणि मोट विहिरीच्या तोंडाशी नव्हतीच. ती पाच हात खाली लटकत होती.

"आत्या, गाणं संपलं! मोट खाली आहे!"

"मग? तिथं काठीला बांधलेला तांब्या आहे बघ. आडवी पड पोटावर आणि उपस. निम्मं सांडतं. सांडू दे."

गोजरा काठीकडे पाहतच राहिली. काठीची धरायची जागा गुळगुळीत झाली होती. "हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. पाणी पाच हात खाली गेलं. नाड्याला मीच जोड दिला. तुटला तोही त्याच जोडाशी. तुझी एकटीची चूक नाही ती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? पाच हात गाणं कमी पडतंय म्हणून? तुला पाच हात सांगितले असते तर तू पन्नास केले असतेस. म्हटलं, त्यापेक्षा म्हातारीनं आडवं पडावं."

गोजरानं काठी उचलली. ती पोटावर आडवी पडली. काठी आत सोडली. दोन दिवस गाव घोट मोजून पीत होतं, तिचा स्वतःचा घसा वाळूसारखा झाला होता, आणि पाणी डोळ्यांना दिसत असून हाताला लागत नव्हतं. खांदा दगडाला घासत होता. पहिला तांब्या वर येता येता कलंडला. दुसराही कलंडला. आणि गोजराच्या तोंडून आपोआप निघालं. रचलेलं नाही, घोटलेलं नाही. पण पंधरा वर्षं तीच चाल जिभेवर, तेव्हा आलं ते चालीतच आलं:

आणखी थोडी वर ये गं, माझा हात पुरत नाही.

ओळ विहिरीत घुमून टेकाडापार गेली आणि शास्त्रीबुवाचे कान हलले. तो पाच हात चालला. ओळ संपली, तो थांबला.

मोट ढुम्म करून विहिरीच्या तोंडाशी आली आणि गोजराच्या नाकासमोर उभी राहिली. पाण्यात गोजराला स्वतःचं तोंड दिसलं, उघडंच्या उघडं.

थेंबही न सांडता तिनं मोट थारोळ्यात ओतली. गाव घडे घेऊन धावलं. आत्या तेवढी जागची हलली नाही.

"भर घातलीस," ती म्हणाली.

"घातली. एक ओळ."

"पुढं आणखी येतंय का पोटातून?"

गोजरानं खरं ते सांगितलं. "येतंय. पण मोट वर आली आत्या. आता ते कशाला?"

आत्यानं जवळ येऊन थारोळ्यात वाकून पाहिलं. मग गावाकडे वळून म्हणाली, "ऐकलं का रे सगळ्यांनी? भर नाही घातली पोरीनं. दोन वर्षं कमी पडत होतं, ते पुरं केलं. मीही आडवं पडण्यापेक्षा हेच करायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ती ओळ गाण्यात आली. गोजरानं तिच्यात एकच शब्द बदलला, 'माझा हात'च्या जागी 'आत्याचा हात' केलं. त्यावरून आत्यानं तिच्याशी चार दिवस भांडण मांडलं. "मला कशाला कोंबलंस गाण्यात? पुढची दोनशे वर्षं लोक म्हणत बसतील, कोण ती म्हातारी, जिचा हात पुरत नव्हता!" पण गोजरा ओळ म्हणू लागली की भांडता भांडता ती गप्प होई आणि उगाच पदर सारखा करी.

त्यानंतर त्या गावात एक रिवाज पडला. ज्याला आपल्या कलेत काही नवं करावंसं वाटेल, त्यानं आधी महिनाभर आपल्याच कामाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. ठकूबाईला उंच गळ्याची नक्षीदार मडकी करायची होती. गावानं तिला महिनाभर डोक्यावर पाणी वाहायला लावलं. तिनं गळा आखूडच ठेवला, वर एक कान मात्र काढला, धरायला. आजही मडक्याला तो कान असतो. नारो महिनाभर खेळ बघणाऱ्यांत सगळ्यात मागं, उंच फेट्यांच्या पाठीमागं बसला आणि मग त्याच्या बाहुल्या हातभर मोठ्या झाल्या. सुरेख झोपणाऱ्याला मात्र दुसरं टोक कुठलं हे कुणालाच ठरवता आलं नाही. तो अजून झोपलेला आहे, हळू बोला.

आणि गोजरा? तिच्या गळ्याच्या मुंग्या काही गेल्या नाहीत. त्या जात नसतातच. दर थोड्या दिवसांनी ती येरझाऱ्या घालू लागे. मग कुणी न सांगता आपणच विहिरीशी जाऊन उभी राही, आत वाकून पाही आणि विचारी, "बाई गं, अजून खाली गेलीस का?" आयुष्यभरात तिनं त्या गाण्याला फक्त तीन ओळी जोडल्या. राजधानीतल्या त्या गवयांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. गोजराच्या तीन ओळींवर मात्र अकरा घरांचे घडे तीन पिढ्या काठोकाठ भरत राहिले.

लहानांनो, मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: कलेत नवं जरूर आणावं, पण ते किती आणायचं हे टाळ्यांना विचारू नये, तहानेला विचारावं.